परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी: ठाण्यात बसून पगाराचा खरा हिशेब कसा मांडायचा

शारजातल्या एखाद्या सीबीएसई शाळेचं ५,५०० दिरहमचं ऑफर लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि घरातलं कोणीतरी लगेच मोबाइलवर २४ने गुणतं. १,३२,००० रुपये! घोडबंदर रोडवरच्या विनाअनुदानित शाळेत तीस-बत्तीस हजारांवर राबणाऱ्या शिक्षिकेला हा आकडा भुरळ घालणारच. पण त्या गुणाकारावरून निर्णय घेता येत नाही. तिथलं बिऱ्हाड आणि इथलं घर, दोन्ही चालवून महिन्याकाठी काय शिल्लक राहतं, तो आकडा काढायचा आणि आज ठाण्यात जे उरतं त्याच्याशी ताडून पाहायचा. खाली त्याचीच रीत दिली आहे. दिरहमचा भाव मी २४ रुपये धरला आहे. दिरहम १९९७पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया-डॉलरचा भाव हलला की तोही तेवढाच हलतो. तुम्ही हिशेब कराल त्या दिवशीचा भाव घाला.

पायरी १: आज ठाण्यात उरतं किती, ते आधी लिहून काढा

इथे बहुतेक जण फक्त शाळेचा पगार लिहितात आणि संध्याकाळच्या शिकवण्या विसरतात. नौपाडा-चरईपासून कासारवडवलीपर्यंत इंग्रजीच्या शिक्षकाचं घर बरंचसं शिकवण्यांवर चालतं. एक नमुना घेऊ: वय तीस, बी.एड., आईवडिलांच्या घरात राहणारी शिक्षिका. शाळेचे ३२,००० आणि शिकवण्यांचे १४,००० मिळून ४६,०००. रिक्षा, लोकल, डबा, फोन, कपडे यांत ९,००० जातात. घरात १५,००० देते. उरले २२,०००. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर ठेवा.

तुम्ही अनुदानित शाळेत कायम असाल तर गणित पार बदलतं. सातव्या वेतन आयोगात प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं. त्यावर पन्नास टक्क्यांहून जास्त महागाई भत्ता आणि मुंबई महानगराचा घरभाडे भत्ता धरला तर नव्या माणसाचंही एकूण वेतन सत्तर हजारांच्या आसपास जातं. अशी नोकरी सोडून साडेपाच हजार दिरहमवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिक्षणसेवक म्हणून माध्यमिकला १८,००० मानधनावर असाल आणि तीन वर्षं संपत आली असतील, तर कायम व्हा आणि मग विचार करा.

पायरी २: आपला पासपोर्ट कुठे चालतो ते बघा

दक्षिण कोरियाच्या जाहिराती आकर्षक असतात, कारण पगारासोबत राहायला घर असतं. पण तिथला भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांभोवती आखलेला आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१०च्या जानेवारीत लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे शिक्षक परवाना असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांची वाट आहे, पण ती अरुंद. चीनही इंग्रजी शिकवण्यासाठी सहसा इंग्रजीभाषक देशांचाच पासपोर्ट मागतो. तुमचं इंग्रजी कितीही सफाईदार असलं तरी व्हिसाच्या खिडकीवर त्याची परीक्षा होत नाही.

आपल्यासाठी खऱ्या अर्थाने उघडे आहेत ते आखाती देशांतल्या भारतीय आणि काही ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा, थायलंड, व्हिएतनाम आणि मालदीव. मालदीवमध्ये भारतीय शिक्षकांची जुनी परंपरा आहे, पण पगार रुफियात मिळतो आणि बँकेतून डॉलर मर्यादितच सुटतात. म्हणून तिथल्या पगाराचा किती भाग दरमहा भारतात पाठवता येईल, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा.

पायरी ३: पगारपत्र फोडून वाचा

एकूण रकमेपेक्षा तिची फोड महत्त्वाची. ५,५००च्या पत्रात बऱ्याचदा असं असतं: मूळ वेतन ३,०००, घरभाडे १,७५०, प्रवास ७५०. यूएईमध्ये नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ वेतनावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं मूळ वेतन, पुढे ३० दिवसांचं. ३,०००वर ती वर्षाला २,१०० दिरहम होते. त्याच पगारात मूळ वेतन ४,४०० असतं तर ३,०८० झाली असती. म्हणजे वर्षाला ९८० दिरहमचा, साडेतेवीस हजार रुपयांचा फरक, आणि तोही दरमहा हातात पडणारी रक्कम तीच असताना. पगार वाढवून द्यायला शाळा नाही म्हणते, पण फोड बदलायला कधीकधी तयार होते. मागून बघा. वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर ग्रॅच्युइटी मिळत नाही.

सौदीत नियम वेगळा. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचं वेतन, नंतर पूर्ण महिन्याचं. पण राजीनामा तुम्ही दिलात तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश. सौदीत जायचं असेल तर किमान किती वर्षं राहणार, हे आधीच ठरवलेलं बरं.

याखेरीज पत्रात शोधायच्या गोष्टी: उन्हाळी सुटीचा पगार पहिल्या वर्षी मिळतो का, विमानाचं तिकीट दरवर्षी की फक्त शेवटी परत पाठवताना, आठवड्याला किती तासिका आणि बस ड्यूटी असते का, प्रोबेशन किती महिन्यांचं (यूएईत सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही), राहण्याची जागा शाळा देणार असेल तर एका खोलीत किती जणी. तोंडी ‘हो, सगळं देतात’ याला किंमत नाही. यूएईतलं अधिकृत ऑफर लेटर अरबीसोबत तुम्हाला कळणाऱ्या दुसऱ्या भाषेतही मिळतं, हिंदीतसुद्धा. ते हातात येईपर्यंत इथली नोकरी सोडू नका.

आणि शिकवण्या. आपल्या लोकांची पहिली कल्पना अशी की पगार कमी असला तरी तिथे शिकवण्या घेऊ. यूएईत परवानगीशिवाय घरी शिकवणं बेकायदा आहे. डिसेंबर २०२३पासून खासगी शिकवणीसाठी वेगळा परवाना सुरू झाला आहे. शाळा तो काढू देईल का, हे शाळेवर अवलंबून. हिशेबात शिकवण्यांची रक्कम शून्यच धरा.

पायरी ४: तिथल्या खर्चाचं पान

सगळ्यात मोठा खर्च डोक्यावरच्या छपराचा. दुबईपेक्षा शारजा आणि अजमान स्वस्त, म्हणून दुबईत नोकरी आणि शारजात घर ही जुनी तडजोड आहे. त्याची किंमत रोजच्या वाहतूक कोंडीत मोजावी लागते. घोडबंदरच्या कोंडीत वाढलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल, एवढाच दिलासा. एकट्या शिक्षिकेला संपूर्ण फ्लॅट परवडत नाही, म्हणून शेअरिंग रूम किंवा बेड स्पेस (खोलीतली फक्त एक खाट) बघतात. प्लायवूडची पार्टिशन घालून केलेल्या खोल्या स्वस्त मिळतात, पण त्या बेकायदा असतात. २०२५च्या जूनमध्ये दुबई महापालिकेने अशा खोल्यांविरुद्ध मोठी मोहीम काढली आणि भाडेकरूंवर अचानक घर शोधायची वेळ आली. जागा बघताना भाडेकरार कोणाच्या नावावर आहे ते विचारा.

पूर्ण फ्लॅट घ्यायचा तर भाडं महिन्याचं नसतं, वर्षाचं असतं. ते पुढच्या तारखांच्या एक, दोन, चार किंवा सहा चेकांत द्यावं लागतं. वर अनामत, दलाली आणि दुबईत फ्लॅटच्या वीज-पाण्याच्या जोडणीची २,००० दिरहम अनामत. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के इतका महापालिकेचा घरकर वीजबिलातून हप्त्याहप्त्याने येतो, जो जाहिरातीत कधी लिहिलेला नसतो. खरेदीवरचा व्हॅट यूएईत ५ टक्के, सौदीत १५.

आपल्या नमुन्यातल्या शिक्षिकेचं शारजातलं पान असं होईल: शेअरिंग रूम १,४००, जेवणखाण ८००, बस-टॅक्सी ३००, फोन-इंटरनेट १५०, बाकी सगळं ४५०. एकूण ३,१००. डाळ-तांदूळ, भाजी, पोह्यांपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं भारतीय किराणा दुकानांत मिळतं. स्वतः स्वयंपाक करणारीला ८००त भागतं, रोज बाहेर खाणारीला नाही. पगारावर आयकर नाही. आरोग्य विमा मालकाने काढायचा असतो, आणि १ जानेवारी २०२५पासून हे सगळ्या अमिरातींना लागू आहे.

५,५०० वजा ३,१००, उरले २,४०० दिरहम. रुपयांत ५७,६००. पण घरात द्यायचे १५,००० थांबत नाहीत. आईच्या गोळ्या, सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल तुमच्या विमानासोबत उडून जात नाहीत. उरले ४२,६००. आता पुढची पायरी.

पायरी ५: जाण्याचा खर्च चोवीस महिन्यांवर पसरा

दोन वर्षांचा करार धरला तर सुरुवातीचा सगळा खर्च चोवीसने भागायचा. त्यात काय काय येतं?

पदवी आणि बी.एड.चं साक्षांकन. मुंबई विद्यापीठाची पदवी असेल तर आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि शेवटी त्या देशाची वकिलात. यूएईसाठी ती मुंबईतच आहे. सौदी आणि ओमान कागदपत्रांबाबतच्या हेग करारात असल्याने त्यांना वकिलातीऐवजी अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, चालतो. अपोस्टिलची सरकारी फी अवघी ५० रुपये आहे. एजंट हजारोंनी घेतात ते धावपळीचे आणि तुमच्या घाईचे. हातात दोन महिने असतील तर राज्य शासनापर्यंतची कामं स्वतः करता येतात. परराष्ट्र मंत्रालयाचा टप्पा नेमून दिलेल्या एजन्सीमार्फत असतो.

आपल्याकडच्या विवाहित शिक्षिकांची हमखास अडचण नावाची. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. अशा वेळी महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाच दोन्ही नावांमधला दुवा, आणि त्याचंही वेगळं साक्षांकन लागतं. ते पदवीसोबतच काढा, नाहीतर व्हिसा येऊन पडतो आणि कागद मंत्रालयात अडकतो. पदवी मुक्त विद्यापीठाची किंवा दूरशिक्षणाची असेल तर ती तिथे मान्य होते का, हे शाळेकडून ईमेलवर लेखी घ्या. साक्षांकनावर पैसा त्यानंतरच घाला.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, फी ५०० रुपये. ठाणेकरांना वागळे इस्टेटचं केंद्र सोयीचं. काही शाळा आयईएलटीएस मागतात. त्या एका परीक्षेचे सतरा-अठरा हजार होतात, तेव्हा शाळेने मागितल्याशिवाय देऊ नका. १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स थायलंड-व्हिएतनामला उपयोगी पडतो. आखातातल्या भारतीय शाळा मात्र बी.एड. आणि अनुभव बघतात.

साक्षांकन, एजंटची फी, विमानतिकीट, खोलीची अनामत आणि पहिला पगार येईपर्यंतचा महिना-दीड महिन्याचा खर्च मिळून १,२०,००० धरू. चोवीसने भागले, ५,०००. शाळा दरवर्षी तिकीट देत नसेल तर मे-जूनच्या गर्दीतलं येणं-जाणं ३०,०००, म्हणजे महिना २,५००.

४२,६०० वजा ७,५००. उरले ३५,१००. ठाण्यात उरत होते २२,०००. म्हणजे १,३२,०००च्या त्या गुणाकारातून खरा फायदा निघाला महिना तेरा हजारांचा, वर महिन्याला साधारण ४,२०० रुपये पडतील अशी ग्रॅच्युइटी. इथे पीएफमध्ये शाळा भरत असेल ती रक्कम त्यातून वजा करा. जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा, पण या आकड्यावर ठरवा. पगार ७,००० असता, किंवा शाळेने राहायला जागा दिली असती, तर हेच पान एकदम भरघोस दिसलं असतं. घासाघीस करायची ती म्हणून जागेवर आणि तिकिटावर.

थायलंडचं पान वेगळं निघतं

बिगर-इंग्रजीभाषक देशांतल्या शिक्षकांना थायलंडमध्ये २०,००० ते ३०,००० बाथ मिळतात. त्याच शाळेत गोऱ्या शिक्षकाला जास्त. हे कटू आहे, पण वास्तव आहे. बाथ २.७० रुपये धरला तर २५,००० म्हणजे ६७,५००. छोट्या शहरात स्टुडिओ खोली ५,०००, वीज-पाणी १,५००, जेवण ६,५००, ये-जा २,०००, फोन ५००, व्हिसा-परवाने आणि किरकोळ २,५००. झाले १८,०००. उरलेल्या ७,०००मधून सामाजिक सुरक्षेची कपात आठशेच्या आसपास. आयकर या पगारावर जवळपास लागत नाही. हातात ६,२०० बाथ, म्हणजे पावणेसतरा हजार रुपये, आणि घरी पाठवायचे १५,००० अजून बाकीच आहेत. त्यात करार दहा महिन्यांचा असेल तर मार्च ते मे बिनपगारी.

अनुभवासाठी, वय बावीस-पंचवीस असताना, घरची जबाबदारी नसताना थायलंडला जरूर जा. बचतीसाठी जाऊ नका. व्हिएतनाममध्ये भाषा केंद्रं तासावर पैसे देतात आणि दर बरे असतात. पण वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर सरसकट २० टक्के कर कापला जातो. थोड्या महिन्यांसाठीच जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

कुटुंब नेणार असाल तर

यूएईत कुटुंबाचा व्हिसा काढायला पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, असावा लागतो. नियमात ५,५०० बसतात, खर्चात बसत नाहीत. सौदीत तर प्रत्येक अवलंबितामागे महिना ४०० रियाल सरकारी शुल्क आहे. नवरा आणि दोन मुलं म्हणजे १,२०० रियाल, जवळपास २९,००० रुपये, नुसतं राहू देण्याचे. शिक्षकांच्या मुलांना शाळा फीमध्ये सवलत देतात, तिचा टक्का करारात लिहून घ्या. दोघांनाही नोकरी असल्याशिवाय कुटुंब हलवू नये, असं मी सांगेन.

एजंट

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं. तुमच्याकडून त्याने घ्यायची कमाल फी ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४००. त्यापुढचं काहीही, ‘व्हिसा चार्ज’ म्हणा किंवा ‘स्कूल डोनेशन’, देऊ नका. यूएईच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाने सोसायचा आहे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बदलू’ असं म्हणणारा भेटला तर तिथेच थांबा, कारण व्हिजिट व्हिसावर काम करणं गुन्हा आहे आणि पकडली जाते ती शिक्षिका. पासपोर्ट ठेवून घ्यायचा अधिकार शाळेलाही नाही.

बँक आणि कर

जाण्याआधी एनआरई खात्याची (अनिवासी भारतीयाचं परदेशी कमाईचं खातं) व्यवस्था करा. तिथला पगार त्यात येतो आणि व्याजावर इथे कर लागत नाही. सध्याचं बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयाचं इथल्या कमाईचं खातं) बदलावं लागतं, ते तसंच चालू ठेवणं फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमात बसत नाही. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. आईवडिलांना पाठवलेल्या पैशांवर त्यांना कर नाही.

कराच्या दृष्टीने जाण्याची तारीख महत्त्वाची. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी इथे असेल तर अनिवासी ठरतो आणि त्या वर्षीच्या तिकडच्या पगारावर इथे कर बसत नाही. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरपर्यंत निघावं लागतं. दिवाळीला आठ दिवस यायचं असेल तर तेवढे दिवस आधी. ऑक्टोबरमध्ये निघालात तर त्या वर्षी तुम्ही निवासी, आणि परदेशी पगारही विवरणपत्रात दाखवायचा.

राजीनामा कधी

आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टअखेरीस उघडतात. इथे महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या नोकरीच्या (एमईपीएस) नियमांप्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तात्पुरत्याला एक. फेब्रुवारीत निवड होऊन एप्रिलला रुजू व्हायचं असेल तर कायम शिक्षकाची नोटीस पुरत नाही. नोटिशीऐवजी पगार भरायची वेळ येते आणि ती रक्कमही पायरी ५च्या खर्चात धरावी लागते. शाळेशी संबंध बिघडण्याआधी अनुभव प्रमाणपत्र काढून घ्या: लेटरहेडवर, पासपोर्टवरच्या नावाने, हुद्दा, विषय, इयत्ता आणि रुजू झाल्याच्या-सोडल्याच्या तारखांसह, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. तिथल्या शाळेत पगाराची पायरी ठरवताना हाच कागद मागतात आणि त्यात तारखा नसल्या तर पाच वर्षांचा अनुभव शून्य धरला जातो.